परभाग

सोमवार, ७ फेब्रुवारी २०६१. सकाळी साडेनऊ वाजता शहाद्याच्या शुश्रूषातंत्र केंद्राच्या प्रयोगशाळेत तीनशे अकराव्या शुश्रूषाहस्ताची अखेरची चाचणी चालू होती. टेबलावर कृत्रिम कातडीचा, कोपरापासून पुढचा एक नकली हात ठेवला होता. यंत्राचा हात त्यावर उतरला. आधी तळव्याची कड टेकली, मग तळवा, मग एकेक बोट. अंगठ्याने कोपरापासून मनगटापर्यंत एकदा हलका दाब दिला आणि हात नाडीपाशी येऊन थांबला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. केंद्राचे संचालक डॉ. हेरंब कोठावदे यांनी चाचणीच्या कागदावर सही केली.

त्याच वेळी केंद्राच्या रुग्णालयाच्या मेट्रन फरीदा मणियार आत आल्या.

“भाऊ, तुमचा हात चालत नाही.”

“कुठला?”

“सात नंबरच्या खोलीतला. तो बदलून दुसरा लावला. तो पण नाही. तिसरा पण नाही.”

“तिन्ही एकदम कसे बिघडतील? पेशंट कोण आहे?”

फरीदाबाई समोरच्या स्टुलावर बसल्या. “गावितसिस्टर.”

“आपल्या?”

“नाही, गुजरातमधून मागवल्यात. अहो, आपल्याच. तीन आठवडे झाले दाखल होऊन. तुम्ही महिनाभर दिल्लीला. नऊ दिवस झाले, अन्नाला शिवलेल्या नाहीत. कोणी जवळ गेलं की हात काढून घेतात. अहिरराव मॅडम म्हणतात, गुरुवारी दुपारी बारापर्यंत वाट बघू. नाहीतर नाकातून नळी घालायची. नळी उपसू नये म्हणून दोन्ही हात खाटेला बांधायचे.”

गावितसिस्टर सदतीस वर्षे नर्स होत्या. एवढ्या काळात त्यांच्या वॉर्डात एकाही रुग्णाचे हात बांधले गेले नव्हते, हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

टेबलावरचा यंत्राचा हात अजून नकली मनगटावर टेकलेला होता. तो हात गावितसिस्टरांचा होता. त्याआधीचे तीनशे दहाही त्यांचेच होते.

*

२०३५ साली हेरंब अठ्ठावीस वर्षांचे होते. स्पर्शाची नोंद करणारा एक पातळ मोजा त्यांनी तयार केला होता. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ असल्याने त्याला सगळे पापुद्राच म्हणत. तो कोणाच्या तरी हातावर चढवायचा होता. तालुक्याच्या जुन्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितले, तीन नंबरच्या वॉर्डात जा, गावितसिस्टरना विचार.

एस्तेर गावित तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. नवापूरकडच्या एका मावची आदिवासी ख्रिस्ती घरातल्या. उंची बेताची, आवाज मोठा. त्यांनी मोजा उलटसुलट करून पाहिला.

“हा घालून मला हात धुता येतील?”

“येतील.”

“दिवसातून साठ वेळा?”

हेरंबनी मोजा परत नेला आणि दोन महिन्यांनी आणला. मग चौदा महिने ते त्या वॉर्डात राहिल्यासारखेच होते.

त्या वॉर्डातल्या लोखंडी खाटा हेरंबना अजून आठवत. पायाशी पत्र्याची पाटी, वर कुरकुरणारा पंखा, कडेला धुऊन विटलेले हिरवे पडदे. खिडकीबाहेर चिंचेखाली नातेवाइकांनी तीन-तीन दगडांच्या चुली मांडलेल्या असत. दहा वाजले की फिनेलच्या वासात भाजलेल्या मिरचीचा वास मिसळे आणि अर्धा वॉर्ड खोकू लागे. एका खाटेवर भिली, दुसऱ्या खाटेवर पावरी, पलीकडे अहिराणी, कोपऱ्यात उर्दू. गावितसिस्टरांना यांतल्या तीन भाषा येत. उरलेली त्या न येताही बोलत. रक्तातल्या दोषामुळे सांधे ठणकणाऱ्या पोरी, ऊसतोडीहून परतलेल्या बाळंतिणी, कुष्ठरोगातून बरे झालेले पण घरात न घेतलेले म्हातारे, ज्यांना कोणत्या वॉर्डात ठेवायचे यावर तास-तास वाद होई असे तृतीयपंथी. तीन नंबरमध्ये सगळे येत, कारण बाकीचे वॉर्ड त्यांना तिकडे पाठवत.

“ए इंजिनियर, वायर उचल. पेशंट अडखळेल,” असे त्या दिवसातून दहादा म्हणत. दुपारी स्टीलच्या पेल्यातून चहा देत. हेरंबनी साखर नको म्हटले की म्हणत, “मग चहा कशाला पितोस? गरम पाणी पी.”

त्यांच्या हाताच्या नोंदींतून यंत्राला शिकवायच्या हालचालींचा जो संच तयार झाला, त्याला गावित-संच हे नाव पडले. आणखी अकरा नर्सच्या नोंदी घेतल्या होत्या. चाचणीत गावित-संचाने शांत होणारे रुग्ण शंभरात ब्याण्णव निघाले. दुसऱ्या क्रमांकाचा संच साठाच्या पुढे गेला नाही. बाकीचे अकरा संच बंद करण्याचा निर्णय एका बैठकीत, वीस मिनिटांत झाला. निर्णय चुकीचा आहे असे कोणालाच वाटले नव्हते.

*

सात नंबरच्या खोलीत गावितसिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. पाय खाली सोडलेले, पाठ ताठ. केस पूर्ण पांढरे. वय अठ्ठ्याहत्तर. स्मृतिभ्रंश चार वर्षांपासूनचा. समोर खिचडीची ताटली निवून गेली होती.

शुश्रूषाहस्त पुढे आला, त्यांच्या मनगटावर उतरला, अंगठा सरकला. त्यांनी हाताकडे पाहिले नाही. माशी बसावी तसा तो हात त्यांनी झटकला.

मेंदूतज्ज्ञ डॉ. मृदुला अहिरराव दाराशी उभ्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी त्या नागपूरहून इथे आल्या होत्या.

“तीन यंत्रं बदललीत,” त्या म्हणाल्या. “यंत्रात दोष नाही, कोठावदे. तुम्ही स्वतःला गुदगुल्या करून बघितल्यात कधी?”

“होत नाहीत.”

“का होत नाहीत? कारण तुमचा हात पुढच्या क्षणी कुठे आणि किती दाब देणार, हे तुमच्या मेंदूला आधीच माहीत असतं. जे आधीच माहीत आहे, ते मेंदू गाळून टाकतो. त्याला मी अपेक्षागाळणी म्हणते. ती नसती तर अंगावरचा सदरा आपल्याला दिवसभर टोचत राहिला असता. आता हा हात कोणाचा आहे?”

“त्यांचाच.”

“सदतीस वर्षं त्यांच्या मेंदूने हाच हात चालवला. यंत्र तळव्याची कड टेकवतं, तेव्हा पुढचं सगळं त्यांना ठाऊक असतं. आठवण गेली, पण ही गाळणी शाबूत आहे. तुमचं यंत्र त्यांना कळतच नाही. सगळ्या जिल्ह्यात हा हात एकाच माणसावर चालणार नाही, आणि ते माणूस हे आहे.”

“मग माणसाचा हात द्या,” हेरंब म्हणाले. “इतक्या नर्स आहेत.”

फरीदाबाई हसल्या. त्यात आनंद नव्हता.

“कोणाचा देऊ, भाऊ? मी नोकरीला लागले ती त्यांच्याच हाताखाली. माझ्यानंतरच्या सगळ्या पोरी तुमच्या शिकवणीच्या मोज्यावर शिकल्या. हात गावित-संचाबाहेर गेला की मोजा थरथरायचा. सहाशे जणी तयार झाल्या. वॉर्डातल्या मावश्या, मामा, सगळे तेच शिकले. मी आठ जणींना आत पाठवून बघितलं. आठही जणींचे हात त्यांनी असेच झटकले. या जिल्ह्यात शुश्रूषेचा दुसरा हात उरलेलाच नाही.”

“त्यांच्या घरचं कोणी?”

“भाऊ गेला, भावजय गेली. मूलबाळ कोणालाच नव्हतं.”

हेरंबनी स्टूल ओढले आणि गावितसिस्टरांचा हात धरला. सगळ्या आयुष्यात त्यांनी शुश्रूषा कधी केली नव्हती. केवळ मोजली होती.

गावितसिस्टरांनी मान वळवली. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांची नजर कोणावर तरी स्थिरावली.

“नाव?”

“हेरंब.”

“गाव?”

“इथलाच. शहादा.”

“काय त्रास होतोय?”

“काही नाही, सिस्टर.”

त्यांनी हेरंबचा तळवा उलटा केला, बोटे दाबून पाहिली, मनगटावर अंगठा ठेवून ओठांतल्या ओठांत मोजले. डॉ. अहिरराव दारातून दोन पावले आत आल्या.

“तुम्हाला काही झालेलं नाही,” गावितसिस्टर म्हणाल्या. “उठा. जागा अडवू नका. पेशंट बाहेर जमिनीवर झोपलेत.”

त्यांनी हात सोडला. पुन्हा नजर भिंतीवर गेली. हेरंबनी आणखी तीनदा हात धरून पाहिला. एकदाही उत्तर आले नाही.

*

बाहेरच्या बाकावर तिघे बसले.

“त्यांना आपण ड्युटीवर आहोत असं वाटतं,” फरीदाबाई म्हणाल्या. “त्यांना पेशंट पाहिजे. आपण त्यांच्याकडे नर्स पाठवतोय.”

“मग वॉर्डातला एखादा रुग्ण नेऊ आत.”

“नाही,” डॉ. अहिरराव म्हणाल्या. “केंद्राचा नियम पहिल्या पानावर आहे. एका रुग्णाला दुसऱ्या रुग्णाच्या उपचारासाठी वापरायचं नाही. आणि नियम बरोबर आहे. जो स्वतः वेदनेत आहे त्याला मी सांगू, जा, त्या बाईंचा हात धरून बस, त्या जेवत नाहीत? मी सही करणार नाही.”

फरीदाबाईंनी मान डोलावली.

“कोठावदे, मला एक सांगा,” काही वेळाने त्या म्हणाल्या. “तुमचा पापुद्रा नेमकं काय नोंदवतो?”

“दोन कातड्यांमधला दाब. दर सेकंदाला चारशे वेळा.”

“कोणी कोणाला दाबलं, हे त्याला कसं कळतं?”

“कळत नाही. मी भिंत दाबली तर भिंतही मला तेवढंच दाबते. मोज्याला दोन्ही सारखंच. म्हणून आम्ही सिस्टरांच्या दंडाचे स्नायुसंकेतही नोंदवत होतो. त्यांच्या स्नायूने केलेला दाब तो स्वभाग. त्यातून उरेल तो समोरच्याचा, परभाग. स्वभागातून संच तयार झाला.”

“आणि परभाग?”

“तो वजा केला,” हेरंब म्हणाले. “आम्ही त्याला गोंगाट म्हणायचो.”

“पुसलात?”

“पुसता येत नव्हता. मूळ नोंद नष्ट करायला रुग्णाची लेखी संमती लागते. संमती मागायची पत्रं पाठवली तेव्हा निम्मे लोक हयात नव्हते आणि उरलेल्यांचे पत्ते नव्हते. तळघरात पडून आहे सगळं.”

मंगळवारी दुपारपर्यंत मूळ नोंदी प्रयोगशाळेत उघडल्या गेल्या. एक हजार एकशे त्रेचाळीस रुग्ण. नावे नव्हती, खासगीपणाच्या नियमाने केवळ क्रमांक, वय आणि आजार लिहिला होता. अडचण अशी होती की दोन्ही हात हलत असताना परभाग नीट वेगळा निघत नव्हता. निघे तो तुटक, चरचरीत. पकड असे त्याला म्हणता आले नसते.

फरीदाबाई पडद्याकडे बघत होत्या. “ही नोंद सुरुवातीपासून नाही.”

“सुरुवातीपासूनच आहे.”

“नाही. सिस्टर अशा थेट हात लावायच्याच नाहीत कधी. आधीचं मिनिट कुठे गेलं?”

हेरंबनी नोंदी कापण्याचा आदेश शोधला. तारीख ३ मार्च २०३६. खाली त्यांचीच सही. ‘हालचाल सुरू होण्यापूर्वीचा भाग निरुपयोगी असल्याने सर्व नोंदींतून वगळावा.’

“या भागात काहीच नव्हतं,” ते म्हणाले. “त्या नुसत्या बसायच्या.”

“त्या बसायच्या नाहीत, भाऊ. खाटेच्या कडेला टेकायच्या, हात चादरीवर उताणा ठेवायच्या आणि थांबायच्या. पेशंट धरेपर्यंत. मी नवीन होते, मला घाई असायची. एकदा मी एका बाईचा हात पटकन धरला तर मला व्हरांड्यात नेऊन झापलं. म्हणाल्या, ‘ह्यांना आजवर सगळ्यांनी धरलंय, पोरी. फॉरेस्टवाल्यांनी धरलं, पोलिसांनी धरलं, मुकादमाने धरलं. इथे तरी आधी त्यांना धरू दे.’ मोज्यावर शिकलेल्या पोरींना हे कोणी सांगितलं नाही. मोज्यात ते नव्हतंच.”

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, मोज्यात असेल.”

पुसता न आल्याने वगळलेले तुकडेही तळघरातच होते, सरासरी एकेचाळीस सेकंदांचे. त्या वेळात गावितसिस्टरांचा हात पूर्ण सैल असे. स्नायुसंकेत शून्य. म्हणजे स्वभाग शून्य. मोज्यावर जो दाब उमटला तो सगळा समोरच्याचा होता. वजाबाकी करायची गरजच नव्हती.

हेरंबनी एक तुकडा पडद्यावर चालवला. बराच वेळ सपाट रेघ, मग एक टोक, मग माघार, पुन्हा सपाट. मग एकदम पाच उंचवटे. पंचवीस वर्षांपूर्वी चिंचेकडच्या खिडकीखाली कोणीतरी भीत भीत हात पुढे केला होता.

*

बुधवारी सकाळी अकरा वाजता सात नंबरच्या खोलीत शुश्रूषाहस्त नव्या आज्ञेने बसवला गेला. यंत्र आता नर्स नव्हते. गावितसिस्टरांच्या उताण्या तळव्यावर ते रुग्णाचा हात ठेवणार होते. फरीदाबाईंनी ताजी खिचडी समोर ठेवली. डॉ. अहिरराव यांनी घड्याळ पाहिले. मुदतीला पंचवीस तास उरले होते.

पहिली नोंद दोनशे बाराव्या क्रमांकाची. यंत्राच्या तीनच बोटांनी तळव्याची कड धरली. उरलेली दोन हवेतच राहिली.

गावितसिस्टरांची पाठ आणखी ताठ झाली. डोळे खाली वळले.

“काय रे दाज्या,” त्या म्हणाल्या, “परत फडकं सोडलंस ना? चिघळू दे आता. मी नाही बघणार.” आणि त्यांच्या दुसऱ्या हाताने यंत्राच्या मनगटाभोवती नसलेले फडके सावकाश गुंडाळायला सुरुवात केली.

हेरंबनी नोंद वाचली. पुरुष, वय एकसष्ट. जुना कुष्ठरोग. उजव्या हाताला तीन बोटे. नाव कुठेही लिहिलेले नव्हते. ते आता एकाच ठिकाणी शिल्लक होते.

दुसरी नोंद. घट्ट, मोठ्या तळव्याची पकड. मनगटाकडे बांगड्यांच्या सहा रेघा.

“मुमताज, रडू नको. पुरुषांच्या वॉर्डात टाकलं काय तुला? कोणी टाकलं? थांब, त्या क्लार्कला बघते. तू माझ्या टेबलाजवळची खाट घे.”

फरीदाबाईंनी पदर तोंडाला लावला. “त्या क्लार्कला खरंच बघितलं होतं त्यांनी,” त्या पुटपुटल्या. “महिनाभर तो वॉर्डाच्या मागच्या दाराने यायचा.”

सातव्या नोंदीला नखे रुतली. बारकी, सुकलेली बोटे तळव्यात शिरली आणि तशीच राहिली. गावितसिस्टर पुढे वाकल्या. त्या पावरीत काहीतरी म्हणाल्या, हळू आवाजात, लाडात.

“काय म्हणाल्या?” डॉ. अहिररावांनी विचारले.

“‘बोंदरी, विष नाही गं त्यात,’ म्हणाल्या.” फरीदाबाई दबक्या आवाजात सांगू लागल्या. “वरच्या पाड्यांवरच्या बायका दवाखान्याचं जेवण शिवायच्या नाहीत. माणसं मारायला देतात म्हणायच्या. मग सिस्टर त्यांच्याच ताटातला पहिला घास...”

वाक्य पूर्ण झाले नाही. एक हात बोंदरीच्या नखांत तसाच ठेवून गावितसिस्टरांनी दुसऱ्या हाताने खिचडीचा घास उचलला, यंत्राला दिसेल असा वर धरला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. जीभ बाहेर काढून दाखवली.

बोंदरीची पकड सैल झाली नाही. नोंदच तशी होती. गावितसिस्टरांनी दुसरा घास घेतला.

“हट्टी आहेस,” त्या मराठीत म्हणाल्या. तिसरा घास घेतला.

बोंदरीची समजूत पटायला ताटली संपावी लागली. डॉ. अहिरराव यांनी व्हरांड्यात जाऊन नळीचा आदेश रद्द केला आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

*

बुधवार धरून दहा दिवस सात नंबरच्या खोलीत वॉर्ड भरला. गावितसिस्टर रोज जेवल्या, कारण रोज कोणी ना कोणी जेवायला तयार नसे. त्यांचे वजन बाराशे ग्रॅमने वाढले. हेरंब रोज सकाळी येऊन बसत. बहुतेक माणसे त्यांनी पाहिलेली होती, आणि एकही त्यांना आठवत नव्हते. त्या काळात ते वायरींकडे बघत होते. गावितसिस्टर एकेकाला नावाने बोलावत. हेरंब क्रमांकासमोर नाव लिहून घेत. पंचवीस वर्षांनी त्या यादीत माणसे आली.

अकराव्या दिवशी, शनिवारी, दाज्याची नोंद पाचव्यांदा लावली. तीन बोटांनी तळवा धरला. गावितसिस्टरांनी हात खाली ठेवला.

“बरा झालास,” त्या म्हणाल्या. “जा घरी.”

दुपारी मुमताज घरी गेली. संध्याकाळी आणखी दोघे.

“गाळणी,” डॉ. अहिरराव म्हणाल्या. “मी याचीच वाट बघत होते. नोंद दर वेळी तीच. चार-पाच वेळांत मेंदूला तिची पुढची चाल पाठ होते. मग तो हात कळेनासा होतो. त्यांच्या लेखी न कळणारा हात म्हणजे ज्याला आता काही लागत नाही असा माणूस. म्हणजे बरा झालेला.”

हेरंबनी हिशेब केला. दिवसाला नऊ नवे रुग्ण लागत. या वेगाने एक हजार एकशे त्रेचाळीस रुग्ण जूनच्या मध्यावर संपणार होते. त्यानंतर वॉर्ड रिकामा.

“आणि मग नळी,” ते म्हणाले.

“मग नळी. जिवंत हातच हवा, कोठावदे. जो उद्या आजच्यासारखा नसेल असा. पण माझा नियम जागचा हलणार नाही. रुग्णाचा हात मी उपचार म्हणून वापरू देणार नाही.”

फरीदाबाई खिडकीत उभ्या होत्या. “मॅडम, नियमात नर्सबद्दल काय लिहिलंय?”

“कसलं नर्सबद्दल?”

“नर्सने पेशंटला हात द्यावा की नाही?”

“द्यावा, अर्थात. तेच तर तिचं काम.”

“बघा मग,” फरीदाबाई म्हणाल्या आणि कार्यालयाकडे गेल्या.

*

सोमवारी, २१ फेब्रुवारीला केंद्राच्या रुग्णालयातल्या तीन नंबरच्या वॉर्डाच्या दाराशी ड्युटीची नवी यादी लागली. सकाळपाळीत पाच नावे होती. पाचवे गावित, ए. हुद्द्याच्या रकान्यात ‘मानद’ असे लिहिले होते. सात नंबरच्या खोलीतल्या रुग्ण म्हणून असलेली त्यांची नोंदही चालूच होती. एकाच वेळी दोन्ही असू नये असे नियमावलीत कुठेही म्हटलेले नव्हते. डॉ. अहिरराव यांनी ती दोनदा वाचून खात्री केली आणि सही केली.

सकाळी दहाला फरीदाबाईंनी चाकाची खुर्ची वॉर्डात आणली. चौदाव्या खाटेवर रमीला पाडवी होती. वय एकोणीस, मोलगीकडची. रक्तातल्या दोषाने गुडघे आणि पाठ दोन दिवस ठणकत होती. तिने शुश्रूषाहस्त दोनदा ढकलून दिला होता. तिच्या कागदावर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

गावितसिस्टरांनी खुर्ची खाटेला टेकवायला लावली. चादरीची सुरकुती काढली. मग उजवा हात तिच्या पाठीमागे उताणा ठेवला आणि थांबल्या.

एक मिनिट गेले. चार मिनिटे गेली. रमीलाने एकदा मान वळवून पाहिले आणि परत भिंतीकडे केली. गावितसिस्टर हलल्या नाहीत. हेरंब खाटेच्या पायाशी उभे होते. खिशात नवा पापुद्रा होता. ही नोंद घेतली पाहिजे, असे त्यांना वाटले. मग आपण तिचाही पुन्हा संचच करू, हेही त्यांना लगेच दिसले. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला.

सात मिनिटांनी रमीलाने पाठीमागे न बघता हात सरकवला. आधी एक बोट लागले. मग तिने सगळा तळवा धरला, इतका जोरात की गावितसिस्टरांच्या बोटांची टोके पांढरी पडली. त्यांनी “हं” म्हटले. दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तळव्याची कड टेकलीच नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दाब नाही. तीनशे अकरा यंत्रांपैकी एकालाही येत नसलेले काहीतरी तो हात करू लागला, कारण समोरची मुलगी वेगळी होती.

“पाणी पितेस?”

रमीलाने मान हलवली. हो की नाही ते हेरंबना कळले नाही. गावितसिस्टरांनी पेला पुढे केला.

हेरंब नीट दिसावे म्हणून एक पाऊल पुढे आले. गावितसिस्टरांनी वर पाहिले.

“पेशंटचे कोण तुम्ही?”

“कोणी नाही, सिस्टर.”

“मग बाहेर थांबा. भेटायची वेळ चार ते सहा.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. हेरंब बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर, नातेवाइकांच्या रांगेत, चार वाजायची वाट बघत बसले.